लोक मागे येऊन उभे राहतात, मग ब्रश कसा चालणार?

पत्र थोडक्यात (नाव काढून टाकलंय):

अमळनेरच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४७, मिस्टरांचं कृषी केंद्र, मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. शाळेत इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती, पुढे एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) करायचं मनात होतं, पण बारावी झाली आणि लग्न झालं, रंगपेटी माळ्यावर गेली ती लॉकडाऊनमध्येच खाली आली. तेव्हापासून यूट्यूब बघून आणि मोबाइलमधल्या फोटोंवरून वॉटरकलर करतात, दोनेकशे चित्रं झालीत, सगळी घरात बसून. आता जानेवारीत बनारसला ६ दिवसांचं ऑन द स्पॉट लँडस्केपचं वर्कशॉप आहे, घाट, गल्ल्या, नावा वगैरे, फी ३२ हजार, राहणं-जेवण त्यातच, रेल्वेचं वेगळं. भिशीचे ४० हजार नुकतेच हातात आलेत. मिस्टर नाही म्हणत नाहीत, पण "घरी फोटो बघून काढतेसच ना, मग तिकडे जाऊन वेगळं काय काढणार" असं दोनदा म्हणून झालंय. ताईंची भीती वेगळीच आहे. तिथे मोठ्या शहरांतले सराईत लोक येणार, त्यात मी एकटी नवशिकी, हसं होईल. गावात बाहेर बसून काढायची सोय नाही, लोक जमतात, ओळखीचे निघतात, आणि "आपल्याकडे रंगवण्यासारखं आहे तरी काय, धूळ आणि ऊन." विचारतात, जाऊ की नको?

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं सोपं आहे, पैसे तुमचे, दिवस मोकळे, "जा" म्हणून दोन ओळी लिहाव्या आणि सुटावं. दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन वाचलं, ३१ वर्षं धुळ्यात शाळेत ड्रॉइंग शिकवलंय, सवय जात नाही, तर तुमच्या चार पानांत 'लोक' हा शब्द ९ वेळा निघाला आणि 'बनारस' ४ वेळा. म्हणून आधी लोकांचं बोलू, बनारस कुठे पळून जात नाही.

तुम्ही बोरी नदीच्या पुलावरचा किस्सा लिहिलाय. वही काढून कठड्याशी उभ्या राहिलात, दहा मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात दुकानात येणारे एक शेतकरी मोटरसायकल थांबवून "वहिनी, काय झालं, गाडी बंद पडली का" म्हणून विचारायला लागले, आणि तुम्ही वही पर्समध्ये कोंबून "नाही हो, अशीच" म्हणून घरी आलात. हे वाचून मी हसलो, पण मग वाईट पण वाटलं, कारण त्या माणसाने तुम्हाला काहीच वावगं म्हटलं नव्हतं हो. त्याला काळजी वाटली होती. "चित्र काढतेय भाऊ, पुलाचं" एवढं म्हटलं असतं तर तो म्हणाला असता बरं बरं, काढा, आणि गेला असता, नाहीतर दोन मिनिटं थांबून बघितलं असतं.

आता बनारसला काय होईल ते सांगतो. तिथे घाटावर रोज कुणी ना कुणी वही घेऊन बसलेलं असतं, देशी-विदेशी दोन्ही, नावाड्यांना आणि चहावाल्यांना त्याचं काही कौतुक राहिलेलं नाही. वर तुमच्याबरोबर वीस जण रंगपेट्या उघडून बसलेले. तुम्हाला कुणी ओळखत नाही, कुणी वहिनी म्हणत नाही. सहा दिवस मस्त बाहेर बसून काढाल याची मला खात्री आहे. आणि सातव्या दिवशी अमळनेरला उतरलात की वही पुन्हा पर्समध्ये. भीती इथली आहे आणि तुम्ही तिचं औषध हजारेक किलोमीटर लांब घ्यायला निघालात, तिथे ती भीती बरोबर येणारच नाही, मग उतरणार कशी? जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, पुढे त्यावर येतो. पण फक्त वर्कशॉप केलं म्हणजे बाहेर बसायची हिंमत येईल हे जे तुम्ही धरून चाललात ना, ते मला पटत नाही.

मागे येऊन उभे राहणारे लोक काय बोलतात ते मी इतक्या वर्षांत पाठ केलंय. एक, हे मोजमाप कसलं चाललंय, रस्ता रुंद होणार का? (हे गंभीरपणे विचारतात, एकाने तर मला त्याच्या टपरीचं अतिक्रमण वाचवा म्हणून चहा पाजला होता.) दोन, हे विकलं तर किती येतात? आणि तीन, बायाबापड्या असल्या तर, "काय करी ऱ्हायनी व माय?" आणि सांगितलं की लगेच "मन्ही म्हैस बी काढ ना त्यामा." बस. यापलीकडे चौथं वाक्य क्वचितच ऐकलंय. चित्र वाईट आहे असं तोंडावर म्हणणारा माणूस मला रस्त्यावर आजवर भेटला नाही, तसली माणसं प्रदर्शनात भेटतात. आणि वॉटरकलरमध्ये एक मोठी सोय आहे, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा थर, टाकला की तो वाळेपर्यंत काही घडत नाही, तुम्ही नुसत्या कागदाकडे बघत बसता, बघणारा तिसऱ्या मिनिटाला कंटाळून निघून जातो.

तरी पहिल्या दिवशी छातीत धडधड होणारच, त्यासाठी साध्या गोष्टी. पाठ भिंतीला लावून बसायचं म्हणजे मागे कुणी उभंच राहू शकत नाही. सकाळी साडेसहाला जायचं. पहिले चार-पाच वेळा छोट्या वहीत, ए५ साइजची, मांडीवर मावते आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं हिशेब लिहितेय. ईझल (चित्राचा स्टँड) वगैरे मांडलं की तमाशा होतो, ते इतक्यात नको.

पण सगळ्यात चांगली जागा तुमच्याकडे आहे आणि ती तुम्हाला दिसलीच नाही, तुमचं दुकान! कृषी केंद्राच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसा. समोर रस्ता आहे, रिक्षा आहेत, खतांच्या गोण्या उतरवणारे हमाल आहेत, समोरच्या गाळ्याचं शटर आहे, वायरींचं जाळं आहे. यालाच वर्कशॉपवाले सिटीस्केप म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. तिथे बसायला तुम्हाला कुणाची परवानगी नको, येणारा माणूस गिऱ्हाईक आहे, त्याला बियाणं घ्यायचंय, तुमच्या चित्राशी त्याला घेणं नाही. आणि चार दिवस बघितलं की पाचव्या दिवशी मालकीण चित्र काढते ही गावाच्या लेखी जुनी बातमी होते.

शिवाय मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या डोळ्यासमोर मिळेल. तो प्रश्न तुम्ही टोमणा म्हणून लिहिलाय, मला तो टोमणा वाटला नाही, चांगला प्रश्न आहे, अनेक चित्रकारांना नीट उत्तर देता येत नाही. फोटो बघून काढणं आणि जागेवर बसून काढणं यात फरक काय? एक प्रयोग करा. सकाळी नऊला समोरच्या गाळ्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि मग फोटो आणि गाळा आलटून पालटून बघा. फोटोत शटरच्या आतला अंधार सपाट काळा आलेला असेल, नाहीतर आकाश पांढरं फटक. डोळ्यांनी बघा, आत काळं काही नाही, निळसर गोण्या दिसतायत, स्टीलच्या घमेल्याची चमक दिसतेय, आणि सावलीत रस्त्यावरून उसळलेला पिवळट उजेड शिरलाय. फोटोने हे सगळं तुमच्या वतीने ठरवून टाकलेलं असतं, काय ठेवायचं काय टाकायचं. बाहेर बसलं की ते तुम्हाला ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं म्हणजेच अर्धं चित्र. वायरी २० आहेत, मी किती काढू? डावीकडचा बोर्ड भडक आहे, घेऊ का सोडू? घरी बसून केलेल्या २०० चित्रांत तुमचा हात तयार झाला असेल, पाण्याचा अंदाज आला असेल, पण हे ठरवायची सवय झालेली नाही कारण कधी गरजच पडली नाही.

अजून एक, वेळ. फोटोतली सावली संध्याकाळपर्यंत तिथेच असते. बाहेर सूर्य तासाला १५ अंश सरकतो, दीड तासात शटरची सावली पायरीवरून खाली उतरलेली असते, आणि नवीन माणूस ती सरकेल तसं चित्रात सरकवत बसतो, मग शेवटी चित्रात सकाळही असते आणि दुपारही. म्हणून बसल्या बसल्या आधी काडेपेटीएवढा चौकोन काढायचा, पेन्सिलने तीनच टोन, पांढरा, मधला, गडद, आणि सावल्या कुठे ते त्यात पक्कं करायचं. पाच मिनिटांचं काम. पुढे सूर्य काहीही करो, आपण त्या काडेपेटीकडे बघून काढायचं. डोळे किलकिले करून बघितलं की हे तीन टोन लवकर दिसतात, आणि गॉगल घालायचा नाही, रंगच खोटे दिसतात. कागद उन्हात ठेवू नका, सावलीत बसा. उन्हात कागद इतका चकाकतो की आपण नकळत गडद गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं.

बसून काढता का उभं राहून हेही लक्षात ठेवा, कारण क्षितिजरेषा म्हणजे आपल्या डोळ्यांची उंची. उभं राहून बस स्टँड काढलं तर जवळची, लांबची, सगळ्या माणसांची डोकी साधारण एका रेषेत येतात, फक्त पाय वर-खाली होतात. रस्त्याच्या पातळीवर स्टुलावर बसलात की ती रेषा लोकांच्या कमरेला नाहीतर छातीला कापते. फोटोवरून काढताना हे कधी जाणवत नाही आणि म्हणून घरी काढलेल्या गर्दीत लांबची माणसं हवेत तरंगतात. तुमच्या पत्राबरोबर आलेल्या बाजाराच्या चित्रात तीन जण तरंगतायत, राग मानू नका.

आता ते दुसरं वाक्य, आपल्याकडे रंगवण्यासारखं काय आहे. यावर मी जरा जास्त बोलणार कारण हे मला झालेलं दुखणं आहे. पस्तिशीत असताना मी पण एका वर्कशॉपला गेलो होतो, कोकणात, समुद्रकिनारी, पाच दिवस. गुरुजी उत्तम होते. परत आलो ते नारळाची नऊ चित्रं घेऊन, आणि पुढची दोन वर्षं मी धुळ्याजवळच्या लळिंगच्या डोंगरावर कोकणातला हिरवा लावत होतो. खरंच सांगतो, हात आपोआप सॅप ग्रीनकडे जायचा. एका जुन्या सहकाऱ्याने चित्र बघून विचारलं, सर, यंदा धुळ्यात एवढा पाऊस झाला होता का? तेव्हा डोक्यात उजेड पडला.

आपल्याकडे रंग कमी नाहीत, ते दबलेले आहेत, बघायला वेळ लागतो. काळी जमीन घ्या. काळी म्हणतो आपण, पण उन्हाळ्यात वाळून भेगाळली की ती राखाडी-तपकिरी असते, नांगरट झाल्यावर वरचं ढेकूळ फिकं आणि खालची ओल गडद, आणि त्यासाठी काळ्या ट्यूबला हात लावायचा नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की त्या दोघांत राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं. केळीचं पान घ्या, यावल-रावेरकडे जा नाहीतर शेजारच्या मळ्यात बघा. एकाच पानात तीन हिरवे आहेत. उजेड पानातून आरपार येतो तिथे पिवळा पोपटी, पानाच्या पाठीवर आकाश पडतं तिथे चक्क निळसर राखाडी, आणि देठाजवळ खालच्या सावलीत गडद थंड हिरवा. तयार हिरव्या ट्यूबने यातला एकही येत नाही, गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन घ्या, जास्त-कमी करा. वाऱ्याने फाटलेल्या पानांच्या चिंध्या कोरड्या ब्रशने एका फटक्यात येतात, हे शिकायला मला कोकण उपयोगी पडलं नाही, फैजपूर रस्त्यावर एक आख्खी सकाळ घालवावी लागली.

आणि सातपुडा. तो आपल्या उत्तरेला, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेले उतार दक्षिणेकडचे, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो तेव्हा दिवसभर त्यांच्यावर ऊन. दुपारी डोंगर सपाट पुठ्ठ्यासारखा दिसतो, पण सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला उजेड आडवा येतो आणि एकेक घडी उघडी पडते. चोपड्याच्या बाजूला जाऊन बघा एकदा. धूळ म्हणता ना, तीच धूळ लांबच्या रांगांना जांभळट करते, त्यामुळेच रांग रांगेच्या मागे आहे हे कळतं. आणि गावातच राहायचं असेल तर दगडी दरवाजा आहे, वाडी संस्थानचा परिसर आहे, बोरीचं पात्र आहे, वैशाखात तिथे यात्रा भरते तेव्हा तर रंगच रंग. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे, त्यांनी आपल्याच गावचे गोदेचे घाट आणि जुने वाडे किती वर्षं काढले. त्यांना घाट सुंदर मिळाले हे खरं, पण नाशिकच्या किती जणांना ते घाट रोज ओलांडताना दिसत होते?

इथे कुणी मला चाळीसगावच्या केकी मूसांचं उदाहरण देईल. स्टेशनजवळच्या बंगल्यात त्यांनी दशकं काढली, बाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्याचे फोटो असे काढले की जगभर नाव झालं. मग बाहेर कशाला जायचं? असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं की केकी मूस हे केकी मूस होते. आपण बाहेर जावं.

सोय नाही असंही लिहिलंय तुम्ही. सोय लागते तरी किती? ट्यूबमधला रंग हीच मुळात बाहेर जाण्यातली मोठी सोय आहे, १८४१ मध्ये रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पत्र्याच्या दुमडणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं, त्याच्या आधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवायचे आणि टाचणीने भोक पाडून काढायचे. आपल्याकडे तर २४ ट्यूबचा बॉक्स आहे. त्यातल्याही सहाच न्या: अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ऑकर, गॅम्बोज, बर्न्ट सिएना, क्रिमसन. राउंड ब्रश दोन, १२ नंबर आणि ६ नंबर. कागद सरावाला साधा चालेल पण २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) खालचा पाण्याने फुगतो, जमलं तर ३०० जीएसएमचा घ्या आणि फुल शीटचे चार तुकडे करा, ११ बाय १५ इंचाचे, त्याला क्वार्टर म्हणतात. मागची बाजू पण वापरा, कुणी बघत नाही.

इथल्या हवेचा एक धडा मात्र बनारसला मिळणार नाही, तो इथेच शिकावा लागतो. आपल्याकडे मार्चनंतर आकाशाचा वॉश खालच्या टोकाला पोचेपर्यंत वरचं टोक वाळलेलं असतं, कडा पडतात, पट्टे येतात. एप्रिलमध्ये मी पांझरेच्या काठी बसून हे भोगलंय, त्यात वावटळ आली आणि आख्ख्या आकाशात माती चिकटली, ते चित्र अजून घरात आहे, हात फिरवला तर खरखरतं. उपाय म्हणजे कागद दोन्ही बाजूंनी ओला करून बोर्डावर ठेवा, मोठा ब्रश, वाटतं त्याच्या दुप्पट पाणी, आणि सकाळी दहाच्या आत आवरतं घ्या. उलट जानेवारीतल्या बनारसच्या धुक्यात वॉश वाळतच नाही, पंधरा मिनिटं नुसते हात चोळत बसावं लागतं. तिथे शिकलेलं पाण्याचं गणित जसंच्या तसं इथे लावलंत तर फसाल, हे आताच सांगून ठेवतो.

तर बनारस. जा. पण आजपासून जानेवारीपर्यंत किमान दहा वेळा अमळनेरमध्ये बाहेर बसून मग जा. फी भरायची तारीख पुढच्या महिन्यात आहे म्हणता, तोवर निदान तीन बैठका होतील. तिन्ही वेळा बसलात, चित्र कसंही येवो, तर बिनधास्त पैसे भरा. एकदाही बसवलं नाही तर यंदा भरू नका, ३२ हजार वाचवा, त्यात नाशिकला दोन शनिवार-रविवार होतील, अजिंठ्याला एक दिवस वाघूर नदीच्या वळणावर बसून होईल, आणि उरलेल्यात कागद येईल. पुढच्या वर्षी बनारस आहेच. ही अट मी तुमच्यासाठी घातली नाही, माझ्या कोकणातल्या नऊ नारळांसाठी घातलीय.

दहा वेळा बसून गेलेल्या माणसाला वर्कशॉपमधून वेगळंच मिळतं. तुमच्याकडे प्रश्न असतील. आकाश पट्टेदार येतंय, गर्दी तरंगतेय, दीड तासात संपत नाहीये, असे खरे अडलेले प्रश्न. नाहीतर काय होतं, सर सुंदर डेमो देतात, सगळे मोबाइल वर धरून व्हिडिओ काढतात, टाळ्या वाजतात, आणि मग सर वापरतात तोच ब्रश कुठे मिळतो एवढंच सगळे विचारतात.

पैसे भरायच्या आधी आयोजकांना फोन करा आणि लाजू नका, गिऱ्हाईक आहात. एका शिकवणाऱ्यामागे किती जण? वीसच्या वर असतील आणि मदतनीस नसेल तर तुमच्या चित्रापाशी सर दिवसातून दोन मिनिटं येतील. दिवसात डेमो किती वेळ आणि स्वतः काढायचं किती वेळ? जुन्या विद्यार्थ्यांची चित्रं दाखवा म्हणा, सरांची नको, सरांना येतंच. खोलीत किती जणी? रद्द करावं लागलं तर पैसे किती परत? आणि घाटावर जिथे बसवणार तिथे जवळ टॉयलेट आहे का, हा प्रश्न बायका विचारत नाहीत आणि मग दिवसभर पाणी न पिता बसतात, तो पहिला विचारा.

बनारसचं एक तुमच्या फायद्याचं. तिथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला. म्हणजे सकाळचं ऊन थेट पायऱ्यांवर आणि दुपारनंतर इमारतींची स्वतःचीच सावली घाटावर उतरते. सकाळ घाटाला द्या, दुपार गल्ल्यांना. जानेवारीत धुकं असलं तर खट्टू होऊ नका, नवीन माणसाला धुक्यासारखा मास्तर नाही, सगळे खिडक्या-कंगोरे गिळून टाकतं, लांबचे घाट एक फिकट आकार, मधले जरा गडद, पुढची नाव काळपट. तेच आपले काडेपेटीतले तीन टोन. घाट ८४ आहेत, सगळे काढायची हाव धरू नका, एकाच घाटावर तीनदा बसलात तरी चालेल. आणि मणिकर्णिका, हरिश्चंद्र या घाटांवर चिता जळत असतात, तिथे वही उघडायच्या आधी विचारा, आणि मन नाही म्हणालं तर उघडूच नका.

राहिली हसं होण्याची भीती. येतात कोण अशा ठिकाणी? रिटायर झालेले बँकवाले, एखादी दाताची डॉक्टर, दोन आर्किटेक्ट ज्यांची रेघ दृष्ट लागावी अशी असते पण पाणी सोडायला हात थरथरतो, आणि एक कॉलेजची पोरगी जिचं काम सगळ्यांत भारी असतं आणि ती कुणाशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांची चित्रं भिंतीला लावतात तेव्हा प्रत्येक जण फक्त स्वतःच्याच चित्राकडे बघून कण्हत असतो. तुमच्याकडे बघायला कुणाला फुरसत नाही. आणि २०० चित्रं केलेल्या बाईने स्वतःला नवशिकी म्हणू नये, बाहेर बसण्यात नवीन आहात, रंगात नाही.

मिस्टरांना बरोबर न्यायचं का असंही शेवटी बारीक अक्षरात विचारलंय. वर्कशॉपला नको, कंटाळतील आणि तुम्ही चित्र सोडून त्यांच्या चहाचं बघाल. भुसावळहून महानगरी थेट बनारसला जाते, तिथपर्यंत सोडायला येऊ द्या. क्वार्टरचा बोर्ड बर्थखाली मावतो, त्याहून मोठा घेऊ नका.

ज्यांनी ज्यांनी असंच काहीतरी विचारून पत्रं पाठवलीत, शिरपूरचे एक दादा, शहाद्याची एक मुलगी, त्यांनाही दुकानाचा ओटा लागू आहे. दुकान नसेल तर गच्ची, दवाखान्याची पायरी, एसटी स्टँडवरचा बाक, तिथे तर प्रत्येक जण थांबलेलाच असतो. एकट्याने जमत नसेल तर शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना नाहीतर मॅडमना गाठा, रविवारी सकाळी तीन-चार जण मिळून बसा, फी नाही, भाषण नाही, संपलं की शेव-पोहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या अर्बन स्केचर्सचं जगभर हेच चालतं, जागेवर बसायचं, दिसतंय ते काढायचं, एकमेकांना दाखवायचं.

ताई, पहिल्या बैठकीचं चित्र फाडू नका, कसंही येवो. मागे तारीख टाका, जागा लिहा आणि कोण येऊन काय बोललं तेही लिहा. माझ्या त्या पांझरेच्या चित्रामागे लिहिलंय, "दु. १२. वावटळ. दोन पोरं आली. एकाने विचारलं, सर, पूल वाकडा का?" आता बघतो तर पूल खरंच वाकडा आलाय.